बोटीचे भाडे आणि बोटीचा खर्च : प्राणहितेच्या काठावरचा एक विसरलेला हिशेब (थ्रेड)

१.
गेल्या महिन्यात आमच्या वसतिगृहात एक बेत शिजत होता. परीक्षा संपली की मुंबईहून क्रूझने दोन रात्रींचा समुद्रप्रवास करायचा. मोबाइलवर आलेल्या जाहिरातीत माणशी भाडे ठळक अक्षरांत छापले होते आणि ते आम्हा विद्यार्थ्यांनाही झेपेल असे वाटत होते. चौघांनी मिळून कागद घेतला. बंदर-शुल्क, कर, सेवकांची बक्षिसी, इंटरनेट, किनाऱ्यावरची सहल, चंद्रपूर ते मुंबई जाणे-येणे, आदल्या रात्रीचा मुक्काम अशी एकेक बाब खाली उतरत गेली. रात्र होईपर्यंत बेरीज जाहिरातीतल्या आकड्याच्या दुपटीपलीकडे गेली आणि बेत बारगळला.

२.
कागद घडी करताना मला दुसराच एक हिशेब आठवला. एकोणिसाव्या शतकात आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीच्या नद्यांवर असाच एक बोटीचा बेत आखला गेला होता. तो चार विद्यार्थ्यांचा नव्हता. त्यामागे ब्रिटिश सरकार होते, मँचेस्टरचे गिरणीमालक होते आणि त्या काळातील भारतातला सर्वांत नावाजलेला पाटबंधारे अभियंता होता. त्यांच्याही जाहिरातीतले भाडे स्वस्त होते. प्रत्यक्ष खर्च मात्र कागदावर मागाहून उतरत गेला. हा थ्रेड त्या बेताविषयी आहे. शेवटी पुन्हा क्रूझच्या तिकिटाकडे येऊ.

३.
आधी क्रूझच्या इतिहासातला एक छोटा प्रसंग. १८४४ मध्ये पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने भूमध्य समुद्रातील सहली सुरू केल्या. प्रसिद्ध कादंबरीकार थॅकरे यांना कंपनीने फुकट प्रवास घडवला आणि १८४६ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. सहलीसाठीच्या समुद्रप्रवासाची कथा पुष्कळदा येथूनच सांगितली जाते. म्हणजे या धंद्याच्या अगदी आरंभीच एक फुकटचे तिकीट आहे आणि त्याची भरपाई कंपनीने प्रसिद्धीच्या रूपाने करून घेतली आहे. तिकिटावरची किंमत आणि प्रवासाची किंमत या दोन गोष्टी तेव्हापासूनच वेगळ्या आहेत.

४.
याच दशकात, १८४७ साली, गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरम येथे आर्थर कॉटन यांनी मोठा बंधारा बांधायला घेतला. १८५२ पर्यंत तो उभा राहिला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी दुष्काळाने पोळलेला त्रिभुज प्रदेश हिरवा केला. आजही आंध्रातील शेतकरी कॉटन यांचे नाव आदराने घेतात. या कालव्यांत पाण्याबरोबर नावाही चालत. सपाट जमीन, संथ पाणी, मध्ये कोठेही खडक नाही. तेथे नावेने माल नेणे बैलगाडीपेक्षा खरोखरच कितीतरी स्वस्त पडे. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ या यशात आहे.

५.
कॉटन यांचे ठाम मत असे की हिंदुस्थानला रेल्वेपेक्षा जलमार्गांची गरज अधिक आहे. रूळ टाकायचे, पूल बांधायचे, कोळसा जाळायचा, हे सर्व महाग. नदी मात्र निसर्गाने आयती दिलेली. मग गोदावरी मुखापाशीच का सोडायची? नकाशा उघडून पाहा. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येऊन प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. तेथून गोदावरी थेट बंगालच्या उपसागराकडे जाते. म्हणजे हिंगणघाटचा कापूस नावेत भरला तर तो पाण्यावरूनच काकिनाड्याच्या बंदरात उतरेल. नकाशावर ही निळी रेघ कोठेही तुटत नाही.

६.
हिंगणघाटचा कापूस त्या काळी भारतातील उत्तम कापसांत गणला जाई. तो मुंबईला पोहोचवायचा तर बैलांच्या तांड्यांनी शेकडो मैलांची वाट तुडवावी लागे. वाटेत धूळ बसे, पाऊस लागे, गाठी फुटत. मँचेस्टरला अमेरिकेवरचे अवलंबन कमी करायचे होते आणि त्यासाठी १८५७ मध्ये तेथे कापूस पुरवठ्यासाठी एक संघटनाही स्थापन झाली होती. गोदावरीचा जलमार्ग ही तिची आवडती मागणी होती. १८५६ मध्ये कॅप्टन एफ. टी. हेग यांनी गोदावरी व तिच्या उपनद्या नौकानयनाला कितपत योग्य आहेत यावर अहवाल दिला. पुढे या कामाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

७.
नदीकाठ मात्र रिकामा नव्हता. १८५३ च्या अखेरीस नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले. राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव यांनी उठाव केला. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्राच्या कामावर असलेल्या छावणीवर हल्ला झाला आणि दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ज्या नदीवर पुढे जलमार्ग व्हायचा होता, तिच्या काठचे लोक नव्या सत्तेकडे कसे पाहत होते, हे त्या एका वर्षातून दिसते.

८.
यानंतर आला करार. २६ डिसेंबर १८६० रोजी निजाम आणि ब्रिटिश सरकार यांच्यात तह झाला. गोदावरी व वैनगंगा यांच्या डाव्या काठावरील निजामाचे सहा तालुके इंग्रजांना मिळाले : सिरोंचा, नुगूर, अल्बाका, चेरला, भद्राचलम आणि रेकापल्ली. याच तहात एक कलम असे होते की या नद्या जेथे दोन्ही राज्यांची सीमा आहेत तेथे नौकानयन मुक्त राहील आणि नदीवरून जाणाऱ्या मालावर कोणताही पक्ष जकात वा अन्य पट्टी घेणार नाही.

हे कलम मला फार महत्त्वाचे वाटते. प्रवासातला छुपा खर्च काय असतो हे करार करणाऱ्यांना चांगले ठाऊक होते. जकात-नाक्यांचा खर्च त्यांनी आधीच कागदावर खोडून टाकला. नदी स्वतः किती पट्टी घेणार आहे, ते मात्र कोणत्याच कलमात लिहिता येण्यासारखे नव्हते.

९.
१८६१ साल उजाडले. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्याच वर्षी मध्य प्रांत हा नवा प्रांत स्थापन झाला. सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या नव्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. होय, ज्या सिरोंच्याला आज आपण महाराष्ट्राचे शेवटचे टोक म्हणतो, ते एके काळी जिल्ह्याचे ठिकाण होते, आणि त्याचे मुख्य कारण होते ही बोट. तेथील उपायुक्त ग्लासफर्ड यांच्या नावाशी जुळणारे ग्लासफोर्डपेठा हे गाव सिरोंचा तालुक्यात आजही आहे. १८६२ मध्ये मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त झालेले रिचर्ड टेंपल हे या जलमार्गाचे उत्साही पुरस्कर्ते होते.

१०.
आता नकाशावरच्या त्या निळ्या रेघेकडे जवळून पाहू. तीन ठिकाणी ती रेघ खडकावरून जाते. समुद्राकडून वर येताना पहिला अडथळा भद्राचलमच्या वर दुम्मागुडेम येथे. दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या खाली इंचमपल्ली येथे. तिसरा प्राणहितेवर, अहेरीजवळ, देवलमरी येथे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना सरळ तीन ‘बॅरिअर’ म्हटले आहे. येथे नदीचे पात्र मैलोगणती खडकांनी भरलेले आहे. पाणी कमी असेल तर नाव अडकते. पूर असेल तर धारेचा जोर असा असतो की नाव वर ओढणे अशक्य आणि खाली सोडणे जिवावरचे. उपाय एकच : खडकांच्या बगलेने कालवा खणायचा, बंधारा घालायचा, आणि दारे उघड-मीट करून नाव पायरीपायरीने चढवणारी लॉक बांधायची.

११.
कालवे होईपर्यंत काय करायचे? अडथळ्यापाशी माल उतरवायचा, बंडीत भरायचा, खडक ओलांडून पलीकडे न्यायचा आणि दुसऱ्या नावेत चढवायचा. हा हिशेब स्वतः करून पाहा. एका अडथळ्यापाशी दोन वेळा माल बदलतो, नावेतून बंडीत आणि बंडीतून नावेत. तीन अडथळ्यांवर सहा वेळा. प्रत्येक वेळी हमाली, बंड्यांचे भाडे, माल राखणारा माणूस, भिजण्या-फुटण्याचे नुकसान आणि पलीकडे नाव तयार नसेल तर थांबण्याचे दिवस. पाण्यावरचे भाडे मैलामागे कितीही स्वस्त असो, या सहा थांब्यांचा खर्च त्या दरात कोठेच धरलेला नसतो.

१२.
माझे आजोबा सिरोंच्याकडचे. गोदावरीवर पूल होण्यापूर्वी यात्रेला कालेश्वरला कसे जात, हे ते सांगायचे. उन्हाळ्यात पात्र आटले की डोंगा मधल्या धारेपुरताच चाले. डोंगेवाला पैसे घ्यायचा ते तेवढ्या पाण्याचे. अलीकडची आणि पलीकडची वाळू ज्याची त्याने तुडवायची. म्हातारी माणसे बरोबर असली की वाळूसाठी वेगळी बंडी करावी लागे आणि तिचे पैसे डोंग्यापेक्षा अधिक पडत. अप्पर गोदावरीच्या योजनेत नेमके हेच घडत होते, फक्त मोठ्या प्रमाणावर.

१३.
दुसरा छुपा खर्च पंचांगाचा होता. मध्य भारतातील या नद्या पावसाच्या पाण्यावर जगतात. मृगानंतर त्या भरतात, दिवाळीनंतर उतरू लागतात आणि चैत्र-वैशाखात पात्रात वाळूच अधिक दिसते. विदर्भातील कापसाची वेचणी मात्र दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि माघ-फाल्गुनापर्यंत चालते. म्हणजे माल बाजारात येतो तेव्हा नदी उतरणीला लागलेली असते. मग व्यापाऱ्याने काय करायचे? पुढच्या पावसाळ्यापर्यंत गाठी वखारीत ठेवायच्या. वखारीचे भाडे, अडकलेल्या पैशाचे व्याज, उंदीर, ओल, आगीची भीती आणि तोवर भाव पडण्याचा धोका, हे सगळे त्या ‘स्वस्त’ बोटीच्या पदरात घालावे लागते.

१४.
याच नदीने एका मालाची वाहतूक मात्र उत्तम केली : अहेरीच्या जंगलातील सागाची. लाकूड तोडून काठावर रचावे, पुराची वाट पाहावी, ओंडके बांधून पाण्यावर सोडून द्यावेत. साग थांबला तर सडत नाही, उतरताना खडकावर आपटला तरी त्याचे मोल फारसे घटत नाही आणि तो परत वर आणावा लागत नाही. नदीचे वेळापत्रक सागाला मानवणारे होते, कापसाला नव्हते. योजना आखणाऱ्यांनी ‘नदी माल नेते’ एवढे पाहिले; कोणता माल, कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेने, हे प्रश्न मागे पडले. अर्थात सागाच्या या सोयीचीही किंमत होती. जंगलाचा बाजारभाव वाढला, १८६५ आणि १८७८ चे वन कायदे आले आणि ज्यांच्या गावाभोवती हा साग उभा होता त्या माडिया-गोंडांचे जंगलावरचे वहिवाटीचे हक्क आकसत गेले.

१५.
तिसरा खर्च माणसांचा. हा प्रदेश विरळ वस्तीचा. खडक फोडणारे, गवंडी, सुतार, हमाल मोठ्या संख्येने बाहेरून आणावे लागत. त्यांच्यासाठी धान्यही बाहेरूनच आणावे लागे. पाऊस ओसरला की काम सुरू करायचे आणि नेमका तोच काळ हिवतापाचा. डासांमुळे मलेरिया होतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. रोनाल्ड रॉस यांनी ते १८९७ मध्ये दाखवून दिले. तोवर जंगलातील ‘वाईट हवा’ एवढेच निदान होते. कामगार आजारी पडत, पळून जात, काम लांबे आणि लांबलेल्या प्रत्येक हंगामाचा खर्च मूळ अंदाजावर चढे. अंदाजपत्रकात मजुरी असते. मजुराचा ताप त्यात नसतो.

१६.
इकडे दोन घटना घडल्या. १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, तिकडचा कापूस पुन्हा लँकेशायरला जाऊ लागला आणि भाव कोसळले. दोन वर्षांनी, १८६७ मध्ये, मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. आता वर्धा खोऱ्यातील कापूस पूर्वेकडे तीन खडक ओलांडून नेण्यापेक्षा पश्चिमेकडे गाडीत टाकणे सोपे झाले. गाडी कोणत्याही महिन्यात चालत होती आणि मध्ये माल उतरवावा लागत नव्हता. तिकडे दुम्मागुडेमचे काम अजून चालूच होते.

१७.
अखेर ऑक्टोबर १८७१ मध्ये, लॉर्ड मेयो व्हाइसरॉय असताना, अप्पर गोदावरीची योजना सोडून देण्यात आली. तोवर लक्षावधी रुपये खर्च झाले होते. १८७४ मध्ये अप्पर गोदावरी हा जिल्हाही मोडला. भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रास इलाख्यात गेले आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याला जोडला गेला. बोट गेली आणि तिच्यासाठी उभे केलेले जिल्ह्याचे ठाणेही गेले. दुम्मागुडेमचा जुना बंधारा अजून आहे. आपल्याकडे उरला तो नद्यांच्या संगमावरचा एक दूरचा तालुका.

१८.
येथे ‘रेल्वे शहाणी आणि बोट वेडी’ असा निकाल द्यायचा मोह होतो. तो टाळायला हवा. रेल्वेच्या स्वस्त भाड्यामागेही छुपा खर्च होताच. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर साधारण ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. धंद्यात तोटा आला तर ती रक्कम भारतीय महसुलातून भरली जाई. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आयुष्यात गाडी पाहिली नाही, तोही तिच्या तिकिटातला वाटा शेतसाऱ्यातून भरत होता. दादाभाई नौरोजी, रमेशचंद्र दत्त यांच्या लिखाणात या हमीवर टीका आहे आणि स्वतः कॉटन यांनीही रेल्वेवरील खर्चाला आयुष्यभर विरोध केला. रेल्वेविषयीची त्यांची शंका खोटी नव्हती. आपल्या नदीचे आकडे मात्र त्यांनी त्रिभुज प्रदेशातील कालव्यांच्या अनुभवावरून धरले आणि तेथे फसले.

१९.
माझ्या मते या प्रकरणाचे मर्म इतकेच आहे : बोटीचा दर ज्या पाण्यात बोट सहज चालते त्या पाण्याचा असतो. खर्च मात्र जेथे बोट अडते, थांबते किंवा पोहोचतच नाही तेथे होतो. म्हणून कोणत्याही बोटीच्या जाहिरातीला चार प्रश्न विचारावेत. माझा प्रवास नेमका कोठून कोठपर्यंत आहे? मध्ये मला किती वेळा उतरावे लागेल? माझा हंगाम आणि बोटीचा हंगाम जुळतो का? आणि जो खर्च माझ्या तिकिटात दिसत नाही, तो कोण भरत आहे?

२०.
पहिला प्रश्न क्रूझला लावा. जाहिरातीतला प्रवास मुंबईच्या धक्क्यावर सुरू होतो. आपला चंद्रपूर, अहेरी किंवा धानोऱ्यातून. जहाज कोणासाठी थांबत नाही, म्हणून त्याच दिवशी पोहोचणारी गाडी धरणे धोक्याचे. एक दिवस आधी जावे लागते, म्हणजे एक मुक्काम आणि टॅक्सी आलीच. घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत बेरीज करा. रेल्वेचे आरक्षण लवकर केले आणि मुक्कामाला ओळखीचे घर पाहिले, तर सर्वांत मोठी बचत येथेच होते. जहाजावर पाय ठेवण्यापूर्वीच.

२१.
दुसरा प्रश्न, अडथळ्यांचा. आरक्षणाच्या शेवटच्या पानापर्यंत जा आणि कर, बंदर-शुल्क व सेवा-आकार धरून येणारी अंतिम रक्कमच तुलनेसाठी घ्या. जेवणात काय येते आणि काय येत नाही ते वाचा. पेये, खास उपाहारगृहे, इंटरनेट, छायाचित्रे यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. जहाजावर रोख रक्कम चालत नाही, कार्डावर खाते चढत जाते आणि शेवटच्या सकाळी देयक हाती येते. म्हणून रोजचे खाते रोज पाहावे. एकटा प्रवासी असेल तर खोलीचे पूर्ण भाडे त्याच्यावर पडू शकते. चौघांत खोली घेतली तर ते विभागले जाते. समुद्र दिसणाऱ्या खिडकीपेक्षा आतील खोली स्वस्त असते आणि समुद्र डेकवरून सर्वांना सारखाच दिसतो. किनाऱ्यावर उतरल्यावर कंपनीची सहल न घेता स्थानिक बसने फिरता येते, मात्र परतीला भरपूर वेळ राखून.

२२.
तिसरा प्रश्न, हंगामाचा. अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो, म्हणून पश्चिम किनाऱ्यावरील सहलींचा काळ मुख्यतः पावसाळ्यानंतरचा. त्यातही दिवाळी, नाताळ आणि लागून आलेल्या सुट्ट्या यांत दर चढतात. आठवड्याच्या मधल्या फेऱ्या तुलनेने स्वस्त पडतात. तिकीट रद्द केले तर किती पैसे परत मिळतात, हेही आधी वाचावे. आपली परीक्षा पुढे ढकलली गेली तर जहाज आपल्यासाठी तारीख बदलत नाही. हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला हे चांगलेच कळले असते.

२३.
चौथा प्रश्न सर्वांत अवघड. जगातील अनेक क्रूझ जहाजांची नोंदणी पनामा, बहामा अशा देशांत केलेली असते, कारण तेथील कर आणि कामगार-नियम मालकांना सोयीचे असतात. आपण ‘ऐच्छिक बक्षिसी’ म्हणून जी रक्कम भरतो, ती पुष्कळदा सेवकांच्या उत्पन्नाचाच भाग असते. गोव्यातील कित्येक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजांवर कामाला गेली. तेथे त्यांना तारवटी म्हणतात. त्यांच्या पाठवलेल्या पैशांवर घरे उभी राहिली आणि त्यांच्या महिनोन्‌महिन्यांच्या गैरहजेरीत मुले वाढली. म्हणून काटकसर करायचीच तर छायाचित्रांवर, पेयांवर, खिडकीवर करा. सेवकाच्या बक्षिसीवर करू नका. दुम्मागुडेमच्या मजुराचा ताप अंदाजपत्रकात नव्हता, हे आपण नुकतेच पाहिले.

२४.
ही सारी जुनी गोष्ट आहे असे समजू नका. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात देशातील १११ जलमार्ग जाहीर झाले. त्यात १०९ क्रमांकाचा जलमार्ग आहे वैनगंगा-प्राणहिता. म्हणजे हेग यांच्या अहवालानंतर १६० वर्षांनी तीच निळी रेघ पुन्हा कागदावर आली. २०१९ मध्ये सिरोंच्यासमोर गोदावरीवर तेलंगणाच्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्‌घाटन झाले. त्याच्या पाण्याने शेती बुडाल्याच्या तक्रारी आणि भरपाईच्या मागण्या सिरोंचा तालुक्यातील शेतकऱ्यांनी वारंवार केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये या बंधाऱ्याचे काही खांबच खचले. बंधारा एका राज्याचा आणि बुडीत दुसऱ्या राज्याच्या शेतात. चौथा प्रश्न येथेही विचारावा लागतो.

२५.
आमच्या क्रूझचे काय झाले? तो कागद मी अजून ठेवला आहे. चौघांनी ठरवले आहे की पुढच्या हिवाळ्यात आठवड्याच्या मधली फेरी, आतली एकच खोली आणि मुंबईत एकाच्या मावशीकडे मुक्काम, असे जमले तर जायचे. त्याआधी मात्र देवलमरीला जाऊन येणार आहोत. अहेरीहून ते जवळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की प्राणहितेचे खडक उघडे पडतात आणि तेथे उभे राहिले की १८७१ चा निर्णय कागदपत्रे न वाचताही समजू शकतो.

२६.
शेवटी एक विनंती. तुमच्यापैकी कोणी सिरोंचा, अहेरी, चपराळा किंवा पलीकडे दुम्मागुडेम भागातले असाल, तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. नदीवरून साग सोडत असत तेव्हाच्या, डोंग्याच्या, वाळूतल्या बंडीच्या आठवणी लिहून काढा. सरकारी कागदांत इंग्रज अभियंत्यांचे आकडे भरपूर आहेत, पण त्या सहा चढ-उतारांवर ओझे उचलणाऱ्या माणसांचे बोलणे जवळपास नाहीच. ते जेवढे मिळेल तेवढे पुढच्या थ्रेडमध्ये एकत्र करू.